आठ दिवस नेऊन पाहा

दुकान बंद करून आता बरेच दिवस झाले, तरी लोक मला सोडत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या माणसाच्या मयतीला गेलो होतो. माती देऊन परतताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली करून विचारलं, "शकीलभाऊ, पोरीसाठी लहानसा लॅपटॉप घ्याचा हाये. सस्ता पाह्यजे आन् टिकला पाह्यजे. कोनता घेऊ?" ज्याच्या घरची माती होती तो दोन पावलं पुढे चालत होता. मी म्हटलं, घरी ये, बोलू. तो आला. मी त्याला लॅपटॉपबद्दल काहीच सांगितलं नाही, आधी विचारलं की त्याच्यासमोर बसणार कोण, कुठे बसणार आणि लाईन गेली की काय करणार. तो थोडा नाराज झाला. त्याला नाव हवं होतं. नाव सांगणारे पुष्कळ आहेत.

हे प्रश्न विचारायला मी कसा शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

आधी माझी ओळख. आम्ही पिंजारी. वडील खामगावातून निघून गावोगाव फिरत, जुन्या गाद्या फोडून त्यांतला कापूस पिंजून पुन्हा भरून देत. धनुकलीच्या तारेचा आवाज गल्लीत आला की बाया गाद्या ओसरीवर आणून टाकायच्या. वडिलांच्या भुवयांवर, कानात, डब्यातल्या भाकरीवर कापूस असायचा. त्या कापसातून आपण सुटायचं, एवढं एकच मी पोरपणी ठरवलं होतं. रेडिओ दुरुस्त केले, टीव्ही केले, कॉम्प्युटर केले आणि शेवटी जुने लॅपटॉप आणून विकू लागलो. मोठ्या शहरांतल्या कंपन्या आपली वापरलेली मशिनं ढिगाने काढून टाकतात. ती घाऊक आणायची, खोलायची, साफ करायची, बॅटरी बदलायची, बिजागऱ्या घट्ट करायच्या आणि आमच्या भागातल्या माणसाला झेपेल अशा रीतीने द्यायची, हा माझा धंदा.

आणि पहिल्याच हंगामात एक लॅपटॉप बंद पडून परत आला. खोलला तर आत पंख्याभोवती कापसाचा वेढा बसलेला. चिमट्याने काढला तर समईत घालावी अशी सरळ वात निघाली. वडील तेव्हा थकले होते, दुकानात नुसते येऊन बसायचे. मी तोंडाने फुंकर मारायला गेलो तसा त्यांनी माझा हात धरला. फुंकलेला कापूस आणखी आत जाऊन बसतो, ओल्या बोटाने उचल, म्हणाले. मी उचलला. आयुष्यभर ज्या कापसापासून पळालो तो माझ्याआधी माझ्या गिऱ्हाइकांच्या मशिनीत जाऊन बसला होता. वडील त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले.

बाहेरच्या वाचकाला यातली गोम कळायची नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव येईल म्हणून घरात भरून ठेवतात. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली आणि माणसं उरलेल्या जागेत. अंगाला खाज सुटते, लेकरं खोकतात, पण कापूस हलत नाही. लॅपटॉपसाठी विजेचा प्लग लागतो तोही बहुधा त्याच खोलीत. आता लॅपटॉपच्या पोटात पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून आतली गरमी काढतो. कापसाच्या खोलीत तो हवेबरोबर कापूस ओढतो, मशीन तापते आणि एक दिवस बसते. गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. म्हणून मी लहान, बिनपंख्याच्या मशिनी शोधून आणायला लागलो. त्या धावत नाहीत, चालतात. पण अर्ज भरायला, पोरांचा अभ्यास करायला, चिठ्ठीचपाटी टाईप करायला धावायचं कुणाला असतं?

दुसरी गोष्ट, अंग प्लास्टिकचं पाहिजे. चमकदार पत्र्याच्या लॅपटॉपवर लोकांचा जीव जडायचा. पण खेड्यातल्या बहुतेक घरांत विजेला अर्थिंग नसते, आणि माणूस सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेला असतो. पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. एका म्हातारीने तर नातवाचा लॅपटॉप काठीने ढकलत दाराबाहेर काढला होता, कारण त्यात काहीतरी शिरलंय अशी तिची खात्री झाली होती. तिसरी गोष्ट बॅटरी, चौथी चार्जरची पिन, पाचवी बटणं. आतल्या वेगाच्या गोष्टी, ज्यांवर दुकानदार बोलतात, त्या मी शेवटी सांगायचो आणि त्याही विचारल्या तरच.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. चिखलीच्या एका अडत्याने लक्ष्मीपूजनाला लॅपटॉप पाटावर मांडला, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि भक्तिभावाने फुलाने पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे. एकेका बटणाखालून मी तांदूळ काढत होतो आणि तो समोर बसून सांगत होता की तराजूची इतकी वर्षं पूजा केली, तराजूला कधी काही झालं नाही. एका मोठ्या शेतकऱ्याने हातात धरून वजन पाहिलं आणि हलका आहे म्हणून लहान लॅपटॉप परत ठेवला. मी त्याला सर्वांत जड, सर्वांत जुना दिला. तो खूश होऊन गेला आणि ती मशीन, मला सांगायला लाज वाटते, फार चांगली चालली.

माझा एक नियम होता. आमच्या भागात बैल नुसता दात पाहून घेत नाहीत, जुंपून पाहतात. बाजारात दोन चकरा मारून बैल खरा कळत नाही, आपल्या वावरात कळतो. मी लॅपटॉपला तोच नियम लावला. आठ दिवस घरी न्या, तुमच्या कापसात, तुमच्या विजेवर, तुमच्या माणसांत वापरून पाहा. पटला तर ठेवा, नाही तर परत आणा आणि खोट सांगा, मी दुसरा देईन. शेजारचे दुकानदार मला हसायचे. पण परत आलेल्या मशिनीतून मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं नवीन खोक्यांतून कधी मिळालं नाही. खोट ओळखण्यात माझा हात कुणी धरत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

अशाच एका उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, वरवट बकालहून एक जोडपं आलं. देविदास आणि रेखा. तो चाळिशीच्या आतबाहेरचा, बारावी शिकलेला, अंगावर स्वच्छ धुतलेला शर्ट. घरचं थोडं वावर आणि बाकी दुसऱ्यांच्या शेतात फवारणी, असं त्याचं काम. गावातल्या लोकांचे अर्ज वर्षानुवर्षं तोच लिहून द्यायचा, फुकट. ती त्याच्या मागे उभी होती, हातात कापडी पिशवी, काही न बोलता.

त्याने जे सांगितलं ते सरळ होतं. आदल्या हंगामात फवारताना त्याला विषबाधा झाली होती. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं होतं की आता अळी नाही आणि फवारणीही नाही. काही वर्षं ते बऱ्यापैकी खरंही ठरलं. मग अळी परतली, तिच्यासाठी अधिक जहाल औषधं आली, आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, अशी माजली की फवारणाऱ्याच्या डोक्याबरोबर झाली. बुटक्या झाडावर मारलेलं औषध खाली राहतं, डोक्याएवढ्या झाडावर मारलेलं तोंडावर येतं. देविदास अकोल्याच्या दवाखान्यात कितीतरी दिवस पडून होता. वाचला. डॉक्टरने बजावलं होतं, पुन्हा पंप पाठीवर घेतलास तर मी काही करू शकणार नाही.

"म्हून आता हे काम कराचं," तो म्हणाला. "अर्ज सारे ऑनलाईन झाले. लोक भाडं खर्चून संग्रामपूरले जातात. घरीच भरून देईन. पन पोळ्याच्या आत मांडा लागते. पोळा झाला का फवारन्या लागतात."

म्हणजे पोळ्याच्या आत लॅपटॉप सुरू झाला तर घर त्यावर चालेल, नाही तर हा माणूस पुन्हा पंप उचलेल. हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण बायकोच्या चेहऱ्यावर होतं. त्याचे प्रश्न मोठे नेमके होते. लाईन गेली तर बॅटरी किती टिकेल, खोलीत कापूस असतो तर काय करायचं. मी खूश झालो. एकच गोष्ट जराशी वेगळी वाटली. मी मशीन समोर ठेवली तेव्हा त्याने तिच्या कडेवरून बोट फिरवलं, पडद्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि बायकोला म्हणाला, तू पाह्य. बायकोचं मत विचारणारा नवरा आमच्या बाजारात कमी दिसतो. मला त्याचं कौतुकच वाटलं.

मी एक मशीन दिली. आठ दिवसांनी रेखाताई एकटीच एसटीने परत आली. लॅपटॉप जुन्या लुगड्यात, तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसा गुंडाळलेला. म्हणाली, पंखा लय वाजते. मी ती मशीन दुपारभर चालवून कान लावून बसलो, मला काही ऐकू आलं नाही. माझे कान म्हातारे झाले असतील, असं म्हणून मी दुसरी दिली, बिनपंख्याची. ती मुळात पहिल्यांदाच द्यायला हवी होती म्हणून मनातून ओशाळलोही. पुढच्या बाजाराला ती परत आली. ही हळू चालते, म्हणाली, बटन दाबल्यावर अक्षर मागून येते. मी तपासली. अक्षर बटणाबरोबर येत होतं. तिसरी दिली. तीही परत आली. आता काय, तर बटनं कडक हायेत.

दुकानातल्या सगळ्या मशिनींत त्या तिसरीची बटणं सर्वांत मऊ होती. मी स्वतः बसवली होती. मला राग आला, आणि माझा राग लपत नाही. मी म्हटलं, ताई, घ्यायचा नसेल तर तसं सांगा, माझ्या मशिनीला नावं ठेवू नका. दुकानात आणखी दोन माणसं होती. ती पदर सावरून उभी राहिली, त्या दोघांची कामं होऊन ते जाईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "त्याईले अक्षर दिसत नाही, भाऊ. औषध चढल्यापासून. दूरचं दिसते, जवळचं सारं पुसल्यावानी दिसते."

मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. तर दाखवलं होतं. गेलं ते येणार नाही, असं अकोल्याला सांगितलं होतं. देविदासला ते पटलेलं नव्हतं. अशक्तपणा आहे, भरून निघेल, असं तो धरून बसला होता. लॅपटॉप समोर ठेवून तो बसायचा, ती त्याला वाचून दाखवायची, तो काय भरायचं ते सांगायचा आणि ती बटणं शोधायची. डोळे आले की सगळं मीच करीन, असं रोज म्हणायचा.

मग मी जे बोललो ते माझ्या धंद्याच्या दृष्टीने इमानदारीचं होतं. मी म्हटलं, असं असेल तर लॅपटॉप घेऊच नका. ज्याच्यासाठी मशीन घ्यायची त्यालाच दिसत नसेल तर माझी कुठलीही मशीन त्याच्या कामाची नाही. मी किती चांगलं बोललो असं मला वाटलं. विकायच्या जागी नका घेऊ म्हणणारा दुकानदार दाखवा.

तिने मान हलवली नाही. "अजून आठ दिवस द्या, भाऊ," एवढंच म्हणाली.

मी दिली. थोडी दयेने आणि थोडी हट्टाने. अक्षरं होतील तेवढी मोठी केली, पडद्याचा पांढरा उजेड मंद केला, काळ्यावर पिवळं दिसेल असं करून दिलं. आपण या माणसाचे डोळे परत आणू असा काहीसा खुळा विचार माझ्या डोक्यात होता.

त्यानंतरच्या बाजारी दुकानात गर्दी होती. शेगावकडचे एक म्हातारेबुवा विजेच्या ऑफिसला अर्ज टाईप करून मागत होते. त्यांच्या वावरात विजेचा खांब आडवा झाला होता आणि तारा पऱ्हाटीत लोंबत होत्या. ते मजूर घालायला भीत होते. मी एका लॅपटॉपचं पोट फाडून बसलेलो, हात भरलेले. म्हटलं, बाबा, थांबा जरा. तेवढ्यात रेखाताई आली. तिने लुगड्याचं गाठोडं सोडलं, मशीन काउंटरवर ठेवली, स्टूल ओढलं आणि बसली. म्हाताऱ्यांना म्हणाली, "सांगा बाबा. नाव सांगा पह्यले."

मी मान खालीच ठेवली होती, पण हात थांबले. दोन बोटांनी टाईप करत होती ती. जिभेचं टोक दातात धरलेलं. गाव, गट नंबर, खांब कधी पडला, आधी कुणाला सांगितलं होतं का, तारेत वीज चालू आहे का. प्रश्न एकामागून एक, जसे एखाद्या मुरलेल्या अर्जनवीसाने विचारावेत. ते सगळे देविदासचे होते, हे मला लगेच कळलं. म्हातारे बोलत होते, ती शब्द पुटपुटत लिहीत होती. मग पूर्ण अर्ज तिने वाचून दाखवला. मी कागद काढून दिला. म्हाताऱ्यांनी सही केली, तिला दोन्ही हात जोडले आणि गेले.

मी तिच्याकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"आता कोनताबी द्या, शकीलभाऊ," ती म्हणाली. "मले येते आता."

मी म्हटलं, मग पंखा वाजत होता तो? बटणं कडक होती ती? तिने खाली पाहिलं. मशिनी साऱ्या चांगल्याच होत्या, म्हणाली. पहिल्या आठवड्यात तर तिला ती चालू करता येत नव्हती. दुसऱ्यात अक्षरं सापडायला लागली. तिसऱ्यात मराठी जोडाक्षर आलं. दरवेळी अजून थोडे दिवस पाहिजे होते, आणि माझा नियम असा की खोट सांगितल्याशिवाय पुन्हा आठ दिवस नाहीत. म्हणून तिने खोट्या खोटी काढल्या होत्या. नववीत शाळा सुटलेली बाई. एसटीत मांडीवर लॅपटॉप घेऊन येताना कुठली खोट सांगायची ते ती ठरवत यायची, आणि मी, खोट ओळखण्यात पटाईत माणूस, प्रत्येक वेळी मशिनीत खोट शोधत बसायचो.

मी विचारलं, आधीच का नाही सांगितलं. तेव्हा तिने प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं का याईले दिसत नाही आन् मले काईच येत नाही, तं तुमी मशीन देल्ली असती का?"

माझं उत्तर मी आदल्या बाजारीच देऊन चुकलो होतो. घेऊच नका. ते इमानदारीचं होतं यात शंका नाही, पण तिने ते ऐकलं असतं तर त्या घरात पुन्हा पंप उचलला गेला असता. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. तो माझ्या मशिनींचा नव्हता. तिच्या चिकाटीचा होता, आणि थोडासा त्या बैलबाजाराच्या नियमाचा, ज्याचा खरा उपयोग मला ठाऊकच नव्हता.

देविदासला तिने काही सांगितलं नव्हतं. आपल्याला वाचून दाखवता दाखवता ही शिकली, एवढं त्याला दिसत होतं. आपल्या जागी ती बसणार आहे, हे नाही. आणि एक गोष्ट तिने जाता जाता सांगितली, ती मात्र मला फार लागली. तो अलीकडे म्हणायला लागला होता, अक्षर नसन दिसत, पऱ्हाटी तर दिसते ना. फवारणीले वाचता यावं थोडंच लागते. खरंच होतं ते. त्याच्या डोळ्यांना आता जमण्यासारखं तेवढं एकच काम राहिलं होतं आणि तेच त्याला मारणार होतं.

मी तिला ती मऊ बटणांची, बिनपंख्याची, प्लास्टिकची मशीन दिली. सगळ्यांना सांगतो ते सांगितलं. गादीवर, गोधडीवर ठेवू नका, खालून कापूस जातो. उंच, कडक फळीवर ठेवा. फुंकू नका, ओल्या बोटाने पुसा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मशीन त्याच लुगड्यात बांधली.

पुढचं आधीच सांगून टाकतो. देविदासचे डोळे आले नाहीत. तो पुन्हा कधी वाचू शकला नाही. ज्या वर्षी अळीने बोंडंच्या बोंडं आतून खाल्ली आणि गावंच्या गावं भरपाईच्या अर्जांसाठी धावली, त्या वर्षी पंचक्रोशी त्यांच्या दारात बसली होती, असं मी ऐकलं. मशीन शेवटपर्यंत टिकली. तिची बटणं मी दोनदा बदलली. पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्याच पोळ्यानंतरचं.

पोळा होऊन थोडे दिवस झाले होते. रेखाताईचा फोन आला की चार्जर जळाला. खेड्यात शेतीपंपांची वीज सुरू होते, बंद होते, तेव्हा दाब असा उसळतो की चार्जर पहिला जातो. खरं तर मी कुणाच्या घरी जात नसे. पण लोक बसून आहेत, असं ती म्हणाली, म्हणून दुसरा चार्जर घेऊन गेलो. रस्त्याने दोन्ही बाजूंना पऱ्हाटी छातीच्या वर गेलेली, आणि तिच्यात फवारणाऱ्यांची नुसती डोकी दिसत होती. एसटीच्या खिडकीतून औषधाचा वास येत होता.

घराच्या ओट्यावर सात-आठ माणसं होती. देविदास दारात बसला होता. त्याने मला लांबूनच ओळखलं. प्रत्येकाला तो विचारत होता, सातबारा आणला का, पासबुक आणलं का, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं एकच आहे ना. ज्याचं काही राहिलं त्याला तिथूनच परत पाठवत होता. कुठल्या अर्जाला काय लागतं ते सगळं त्याला पाठ होतं. आत कापसाच्या रिकाम्या खोलीत ती भिंतीला टेकून बसलेली, समोर फळीवर लॅपटॉप.

मी चार्जर लावून देईपर्यंत देविदास उंबऱ्यातून बोलत राहिला. माझे डोळे येईपर्यंत तिला बसवलंय, म्हणाला. काल शेजारच्या वावरातून फवारणीचं बोलावणं आलं होतं. जावं असं वाटलं होतं. "पंप काढाले आत गेलो, तं त्याच्यावरच हिनं सारं मांडून ठेवेल हाये. आन् लोक बसलेले. आता लोकाईले उठवावं कसं?" तो जरा चिडलेला होता.

तेव्हा माझं लक्ष गेलं. फळी एका बाजूने विटांच्या थरावर टेकवली होती आणि दुसऱ्या बाजूने फवारणीच्या पंपावर. निळा, पाठीवर अडकवायचा प्लास्टिकचा पंप, धुऊन पुसून उभा केलेला, पट्टे मागे बांधलेले. पंपाचा तळ विटांसारखा सपाट नसतो. ती एकेक बटण दाबत होती तशी फळी हलत होती. माझ्या धंद्याची सवय, मी लगेच बोललो. म्हटलं, ताई, ही बाजूही विटांवर घ्या, असं हलत राहिलं तर मशीन एक दिवस खाली येईल.

तिने पडद्यावरून नजर काढली नाही. दाराकडे ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "राहू द्या, भाऊ. लॅपटॉप याच्यावर हाये तवर पंप तिथून निंगत नाही."

बाहेर देविदास कुणाला तरी पासबुक विसरल्याबद्दल रागावत होता. पुढचा माणूस आत येऊन तिच्यासमोर बसला. मी चार्जरचं रिकामं खोकं फाडलं, त्याच्या पुठ्ठ्याची घडी केली आणि खाली वाकून ती पंपाच्या तळाखाली सरकवली. फळी हाताने दाबून पाहिली. हलत नव्हती. मग मी एसटी गाठायला निघालो.